धारेवरचं ताक हिशेबात धरू नका

राजगडावरून तोरण्याला एका दिवसात जायचं ठरलं की कुणीतरी पाण्याचं विचारतं, आणि दुसरं कुणीतरी लगेच सांगतं, "वाटेत धनगरांची घरं आहेत, मिळतं तिथं." घरं आहेत, हे खरं. पाणी मिळतं, बऱ्याचदा ताकही मिळतं, हेही खरं. पण या भरवशावर पिशवीतली एक बाटली कमी करणाऱ्यांनी हा लेख आधी वाचावा. डोंगरात अनोळखी माणसं जीव लावतात, यात शंका नाही. मात्र त्यांचा चांगुलपणा मिळाला तर घ्यायचा असतो, तो मिळणारच असं धरून निघायचं नसतं. एवढं पाळलं की दिवस नीट पार पडतो आणि ज्यांच्या दारात आपण टेकतो त्यांनाही आपला त्रास होत नाही.

आधी वाट समजून घ्या. राजगडाच्या संजीवनी माचीजवळच्या अळू दरवाज्यातून बाहेर पडलं की वाट माचीच्या तटाखालून पुढे धारेला लागते. एका अंगाला गुंजण मावळ, पुढे कानद खोरं. मध्ये एका खिंडीत ही धार डांबरी रस्ता ओलांडते. भुतोंड्याकडे जाणारा हा रस्ता. खिंडीनंतर पुन्हा चढ, धनगरवस्तीची तुरळक घरं, थोडं रान आणि शेवटी हातापायांनी चढायचा कातळ. तिथून तोरण्याच्या बुधला माचीवर. नुसती धारच बारा किलोमीटरच्या आसपास आहे आणि ठीकठाक चालणाऱ्यालाही सहा-सात तास घेते. आधी राजगड चढायचे दोन-अडीच तास आणि शेवटी तोरणा उतरून वेल्ह्यात यायचे तेवढेच, हे त्यात धरा. तोरणा १,४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. तो या दिवसात शेवटी येतो, पाय थकल्यावर. हे कागदावर कळत नाही, बुधला माची समोर दिसायला लागते आणि तासाभरानंतरही तेवढीच लांब वाटते तेव्हा कळतं.

मग वेळ कुठं वाचवायचा? माझं ऐकाल तर राजगडावर. शिवरायांची पाव शतकाची राजधानी, बालेकिल्ला, सुवेळा माची, नेढं, हे सगळं वाटेवर उभं असताना नुसतं ओलांडून जायचं जिवावर येतं, पण राजगड पाहायला वेगळा दिवस काढा. लांबच्या चालीच्या दिवशी पद्मावतीला हात जोडायचे, तळ्याजवळच्या टाक्यांचं पाणी चांगलं असेल तर भरून घ्यायचं आणि निघायचं. सकाळी आठच्या सुमारास अळू दरवाजा सुटला पाहिजे. म्हणजे गुंजवण्यातून किंवा पालीतून पहाटे पाचला पाय उचलायला हवा, आणि त्यासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम पायथ्याच्या गावात. गडावर राहायचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे गडावरच्या मुक्कामावर बेत आखू नका. गुंजवण्याची चोर दरवाज्याची वाट जवळची, पण शेवटी उभी. पालीची वाट रुंद, बरीचशी पायऱ्यांची. पुढे दिवसभर चालायचं असताना मी पाली निवडेन, कारण अंधारात कातळावर कष्टवलेले गुडघे दुपारी उसने मिळत नाहीत.

ऋतूबद्दल थोडक्यात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम. ऑक्टोबरात गवत छातीपर्यंत येतं, वाट त्यात बुडते आणि ऊन चटका देतं. पावसाळ्यात धुकं आणि शेवाळलेला कातळ, पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या फंदात पडू नये. मार्चनंतर धारेवर सावली नाही, पाणी नाही, आणि वणव्याची भीती आहे.

आता पाणी. थंडीतही माणशी चार लिटर लागतं. हे चार लिटर राजगड सोडताना अंगावर असलं पाहिजे. वस्तीवर मिळालं तर ते वरकड. असं का, ते वस्तीवर जरा बसलं की दिसतं. दाराशेजारी ओट्यावर दोन हंडे आणि एक कळशी, त्यावर झाकणं, झाकणावर उपडा तांब्या. हे पाणी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आलेलं असतं. जानेवारीपर्यंत झरा जवळ असतो, उन्हाळा लागला की खाली खाली जातो. तुम्ही सहा जण आहात आणि प्रत्येकाने एकेक लिटर भरून घेतलं, तर तुम्ही अख्खी कळशी नेली. घरातली बाई नाही म्हणणार नाही. दारात आलेल्याला पाण्याला नाही म्हणायची या भागात रीतच नाही. ती हसून तांब्या पुढे करील आणि तुम्ही गेलात की चुंबळ उचलून पुन्हा उतरेल. म्हणून वस्तीवर पाणी प्यायचं, भरायचं नाही. भरायचंच असेल तर झरा कुठं आहे ते विचारा आणि स्वतः उतरा. जमलं तर तिची एक कळशीही भरून आणा. लाजते, नको म्हणते, पण आणा.

ताक मात्र निःसंकोच घ्या. बऱ्याच घरांतून ते आता विकलं जातं, लिंबूसरबतही असतं, आणि शनिवार-रविवारी त्याच कमाईसाठी कुणी मुद्दाम दूध मागे ठेवतं. पैसे किती, हे आधी विचारायला लाजू नका. कधी कधी उत्तर येतं, "द्या काय द्यायचं ते." शहरातली माणसं इथं गोंधळतात. कुणी दहाची नोट पुढे करून सुटका करून घेतो, कुणी भावनेच्या भरात पाचशे देतो. दोन्ही बरोबर नाही. पुण्यात अशाच पेल्याला तुम्ही जे दिलं असतं त्यापेक्षा थोडं जास्त द्या, कारण इथं गॅस, बर्फ, पाणी सगळं डोक्यावरून येतं. घासाघीस तर अजिबात करू नका. आणि सुट्या नोटा न्या. भिंतीवर स्कॅनर चिकटवलेला असला तरी धारेवर रेंज येईलच असं नाही. पाचशेची मोड तिच्याकडे नसते, मग "राहू द्या, परत येताना द्या" असं होतं आणि तुम्ही तर तोरण्यावरून पलीकडे उतरणार असता.

ज्या घरी काहीच विकत नाहीत आणि तरी चहा पुढे येतो, तिथला प्रश्न वेगळा. तिथं पैसे काढले की माणूस खरोखर दुखावतो. अशा वेळी काय द्यावं? चहापत्तीचा पुडा, साखर, काडेपेट्या, टॉर्चचे सेल, ओआरएसची पाकिटं, जखमेवरचं मलम. शिधा म्हणून पिशवीत या वस्तू थोड्या जास्त ठेवायच्या आणि "आम्हाला आता लागत नाही, उगाच ओझं होतंय" असं म्हणून ओट्यावर ठेवायच्या. घेतात. जुने कपडे नेऊ नका. लांबून आलेल्याने आपले उतरवलेले कपडे द्यावेत, यात देणाऱ्याचंच समाधान जास्त असतं. आणि पोरांना चॉकलेटं वाटू नका. नेहमीच्या वाटांवर पोरांनी आपल्याला बघितलं की ती "चाकलेट" म्हणून मागे लागतात, ती सवय आपणच लावली आहे. पोरांना काही द्यायचंच तर आईच्या हातात द्या, ती पाहील.

दारात कसं जायचं, हेही सांगतो, कारण इथंच बरेच जण चुकतात. घराच्या अंगणात थेट घुसू नका. कुत्री असतात, आणि ती राखणीचीच असतात. थोड्या अंतरावरून हाक द्या. "मावशी, आहात का घरात?" किंवा "मामा, जरा टेकू का?" एवढं पुरतं. आतून "या, बसा की" आलं की बूट ओट्याखाली काढा. तांब्या वरून धरून प्यायची सवय नसेल तर आपला पेला काढा. तोंड लावलेला तांब्या हंड्यात परत जाऊ देऊ नका. फोटो काढायचा असेल तर विचारा, आणि चुलीपुढे बसलेल्या बाईचा तर विचारल्याशिवाय कधीच नको. नवरा घरी नसताना ती एकटी असेल तर गटातल्या मुलींनी पुढे होऊन बोलावं, पुरुषांनी अंगणातच बसावं. मुलींच्या गटाला उलट सल्ला हाच की वाट किंवा पाणी विचारायचं तर ज्या घरात बायका-पोरं दिसतात तिथं आधी जा. आणि निघताना स्वतःचा कचरा स्वतःच्या पिशवीत. "मावशी, एवढं इथंच ठेवू का?" असं विचारणारे भले घरचे लोक मी पाहिले आहेत. मावशीच्या दारात घंटागाडी येत नाही. ती प्लॅस्टिक चुलीत घालते आणि तो धूर तिच्याच घरात राहतो.

वाट विचारणं ही तर कलाच आहे. समोरच्या बाबांना "तोरण्याची वाट हीच ना?" असं कधीही विचारू नका. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, शिवाय सगळ्या वाटा शेवटी कुठं ना कुठं जातातच. ते "हां, हीच" म्हणतील आणि तुम्ही ढोरवाटेने खाली उतरत जाल. "तोरण्याला कुठनं जायचं?" असं मोकळं विचारा आणि मग गप्प राहा. बोट कुठं जातंय ते पाहा. बाबा बहुधा हातातल्या काठीने दाखवतात. "त्यो आंबा दिसतोय नव्हं? त्याच्या वरल्या अंगानं जावा. खाली उतरू नका." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. या धारेवर चुकणारे बहुतेक जण खाली उतरल्याने चुकतात. ढोरवाट रुंद असते, मळलेली असते, सावलीतून आडवी जाते आणि अगदी खरी वाटते. पण गुरं पाण्याकडे किंवा चरायला जातात, किल्ल्याला जात नाहीत. शंका आली की जिथं शेवटची खात्री होती तिथं परत जा, धार गाठा आणि मग बघा. धार सोडायची नाही, हा या दिवसाचा नियम.

अंतर मात्र विचारू नका, विचारलंत तर उत्तरावर विसंबू नका. "हे काय, खिंड ओलांडली की आलंच." हे उत्तर खोटं नसतं, पण ते त्यांच्या पायांचं उत्तर असतं. त्यांचा अर्धा तास म्हणजे पाठीवर आठ-दहा किलो घेतलेल्या आपला दीड तास. त्याऐवजी खुणा विचारा. पुढं घरं कुठं लागतील, रान कुठं सुरू होतं, कातळ कुठल्या बाजूने चढायचा, पाणी आहे का. खुणा चुकत नाहीत. मोबाइलवर नकाशा आणि आधी कुणीतरी चालून नोंदवलेली वाट उतरवून ठेवलीत तर उत्तमच, पण बॅटरी संपते आणि गवतातली वाट दर वर्षी थोडी सरकते. दोन्ही वापरा.

कुत्र्यांबद्दल एक उपसूचना. पायथ्याच्या गावातलं किंवा गडावरचं एखादं कुत्रं तुमच्याबरोबर निघतं आणि दिवसभर पुढे-मागे चालत राहतं. फार गोड सोबत असते. पण कुत्रं पुढे चाललंय म्हणजे वाट बरोबर आहे, असं समजू नका, ते तुमच्या पराठ्यांवर लक्ष ठेवून असतं. तुम्ही चुकलात तर तेही आनंदाने चुकतं. त्यालाही पाणी लागतं, ते तुमच्या चार लिटरांतून जाणार, आणि शेवटचा कातळ त्याला जमेलच असं नाही. निघतानाच खायला घालून ओढ लावू नका.

पहिल्यांदा जात असाल तर वाटाड्या घ्या. यात कमीपणा काही नाही. पायथ्याच्या गावात तरुण पोरं तयार असतात. पैसे आदल्या रात्रीच ठरवा, आणि ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, जी शहरातले लोक हमखास विसरतात. तुम्ही तोरणा उतरून वेल्ह्यात गाडीत बसता. तो पोरगा कसा परतणार? एक तर तीच धार उलटी चालून, नाही तर वेल्ह्यातून मिळेल त्या वाहनाने फिरून. त्याचा परतीचा खर्च आणि बुडालेला वेळ ठरलेल्या पैशांत आहे की वेगळा, ते स्पष्ट बोला. त्याचं जेवण आणि पाणी तुमच्याकडे आहे का तेही बघा. बऱ्याचदा तो एक बाटली हलवत निघतो आणि तुम्ही विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा पाणी मागत नाही.

दुपारी बाराची वेळ खिंडीसाठी राखून ठेवा. डांबरी रस्त्यावर बारापर्यंत पोचलात, सगळे ठणठणीत आहेत, पाणी निम्म्याहून जास्त आहे, तर पुढे जा. यातलं एक जरी कमी असेल तर इथंच थांबा. पुढे धारेवरून सोयीस्कर सुटका नाही आणि चढ सगळा पुढेच आहे. रस्ता आहे म्हणून वाहनांची वर्दळ मात्र समजू नका, तासन्‌तास काही येत नाही. आलाच एखादा दुधाचा टेम्पो किंवा कुणाची दुचाकी, तर हात करा, थांबतात. बसण्याआधी भाड्याचं विचारा. ड्रायव्हर "चला हो, जाताजाताच आहे" म्हणाला तर डिझेलपुरते तरी द्या. मागे किटल्यांवर बसू नका, दूध त्यांचं आहे. रात्री टेम्पोत बसायचं की नाही, हे एकट्या माणसाने ठरवताना मनाचं ऐकावं. नाही वाटलं तर नाही म्हणावं, चांगला माणूस त्याचा राग धरत नाही.

आणि गडबड झालीच तर? पाय मुरगळला, कुणी चक्कर येऊन बसलं, उजेड संपला. पहिली गोष्ट, घळीतून खाली उतरायचं नाही. खाली दिवे दिसतात, सरळ उतरलो की गाव, असं वाटतं, आणि मध्ये कडा असतो. वाटेवरच थांबा, सगळे एकत्र बसा, अंगावर कपडे घाला, शिट्टी वाजवा, टॉर्च वस्तीच्या दिशेने उघडझाप करा. सह्याद्रीत हाक ऐकून सगळ्यात आधी येणारा माणूस बहुधा जवळच्या वाडीतला असतो, हातात बॅटरी आणि कोयता, पायात रबरी चप्पल. त्याच्या मागून येतात ते बचाव पथकांचे कार्यकर्ते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांतली ही माणसं नोकरी-धंदा सांभाळून, मोबदला न घेता रात्री-अपरात्री निघतात. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. राज्यातल्या गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राचा क्रमांकही निघण्याआधी फोनमध्ये भरून ठेवा, आणि गटातल्या निदान दोघांच्या फोनमध्ये असू द्या. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला धीर द्या आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या, बाकी काही नाही. आग्या मोहोळाजवळ धूर, अत्तर, आरडाओरडा, तिन्ही टाळा.

वाडीतून जो माणूस तुम्हाला घ्यायला वर आला, त्याने दुसऱ्या दिवसाची मजुरी किंवा अर्धी रात्र तुमच्यासाठी घातलेली असते. त्याला "थँक्यू हं मामा" म्हणून गाडीत बसू नका. मजुरीपेक्षा कमी नाही इतके पैसे पाकिटात घालून घरातल्या थोरल्या माणसाच्या हातात द्या, आणि "हे तुमच्या खोळंब्याचे" असं सांगा. उपकाराची किंमत कुणी घेत नाही, खोळंब्याची घेतात.

सगळं नीट झालं तर चारच्या सुमारास तुम्ही बुधला माचीवर असाल. मेंगाईचं देऊळ, थोडा वेळ बसणं, आणि उजेड असताना बिनी दरवाज्याने उतरायला सुरुवात. उतार मुरमाड आहे, घसरतो. थकलेले गुडघे इथंच दगा देतात, म्हणून घाई नको. खाली वेल्ह्यातून पुण्याकडे शेवटची एसटी किती वाजता ते आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं असावं. चुकली तर वडापची जीप चेलाडी फाट्यापर्यंत मिळू शकते. तिथं महामार्ग आहे आणि पुढे स्वारगेटला जायला गाड्या मिळतात.

गाडीची वाट बघत चहा घेत असाल तेव्हा फोन काढा. सकाळी गुंजवण्यात किंवा पालीत, जिथं राहिलात, त्या घरच्या कुणीतरी निघताना "पोचलात की कळवा" असं म्हटलेलं असतं. बहुतेक जण ते शिष्टाचार म्हणून ऐकतात आणि विसरतात. पण धारेवर माणसं रात्री अडकली की पहिल्यांदा त्यांचंच दार वाजतं, म्हणून ते खरंच वाट बघत असतात. "काका, वेल्ह्यात आलो, सगळे बरोबर आहोत." एवढं सांगा. बरोबर निघालेलं कुत्रं कुठवर आलं, तेही ते विचारतील, ते खरं सांगा. आणि धनगरवस्तीवर काढलेले फोटो पुढच्या खेपेला छापून न्या.